सरकारचा माल आपल्या शेडमध्ये किती वर्षं सांभाळायचा?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. आज रविवार, त्यात सकाळपासून लाइट नाही. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज मोबाइलवरच लिहून टाकतो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. संगणकावर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, आणि वडिलांच्या वेळचं एक लेथ, जे विकायला आई देत नाही. एका सरकारी कारखान्याचं जॉबवर्क करतो. नाव घेत नाही, अजून तिथंच पोट आहे. या कामात मटेरियल त्यांचं, फिक्स्चर (पार्ट मशीनवर पक्का धरायच्या पकडी) त्यांची, गेजही (माप तपासायची साधनं) त्यांचे. आपण मशीन फिरवायचं आणि पार्ट करून द्यायचा. याला फ्री इश्यू म्हणतात. फ्री कसलं ओ, माल उचलताना त्याच्या किमतीएवढी बँक गॅरंटी द्यावी लागते, वर विमा वेगळा.

२०१४ ची एक ऑर्डर २०१६ ला संपली. पार्ट गेले, बिल आलं (उशिरा, पण आलं). मागं काय राहिलं? २६ फिक्स्चर, ४ गेज आणि अ‍ॅल्युमिनियम चिप्सचे (कापताना निघालेल्या किसाचे) तीन ड्रम. ते आजही माझ्याकडंच आहेत. विकता येत नाहीत, कारण माल सरकारचा. फेकता येत नाहीत, कारण तेच. परत न्या म्हणून सात पत्रं टाकली. दोनांना उत्तर आलं, दोन्हीत मजकूर एकच: यादी मिळाली, पुढील कार्यवाहीसाठी पाठवली आहे. कुठं पाठवली, ते कळायला मार्ग नाही.

गंमत पुढं आहे. गेज माझ्या ताब्यात आहेत म्हणून ऑडिटला दरवर्षी त्यांचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (माप बरोबर असल्याचा दाखला) मागतात. म्हणजे नऊ वर्षं ज्या गेजनं एक भोक मोजलं नाही, त्याचं कॅलिब्रेशन मी खिशातून करतोय. आणि शिल्लक शून्य झाली नाही म्हणून बँक गॅरंटी चालूच. तिचं कमिशन दरवर्षी कापून जातं.

नियम सुधारायचे म्हणून अधूनमधून चर्चा निघते, परिपत्रकं येतात. सगळ्यांचा रोख एकच: ठेकेदार माल पळवतो, त्याला बांधा. रजिस्टर वाढवा, गॅरंटी वाढवा, दंड वाढवा. माल परत घ्यायचा कधी, कुणी आणि किती दिवसांत, यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. मला वाटतं सुधारणा तिथून सुरू व्हायला पाहिजे, मागच्या दारातून.

अमेरिकेत म्हणे असा नियम आहे की ठेकेदारानं भंगाराची यादी दिली आणि सरकारनं ४५ दिवसांत काही कळवलं नाही, तर ठेकेदार ते विकू शकतो. इथं हे का होत नाही? कुणाला माहीत असेल तर सांगा.

खानापूरकर

उद्यमबागकर, तुमचं तरी छपराखाली हाय. आमचं ऐका.

गावच्या पाणी योजनेचं पाइपलाइनचं काम मला लागलं. वर्क ऑर्डर हातात यायच्या आधीच पाइप गावात आले. फोन आला, गाडी उभी हाय, उतरून घ्या आणि सही करा. कागद कन्नडमधी. मला बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, केली सही. नंतर कळलं की त्या कागदावर "चांगल्या स्थितीत ताब्यात घेतले व पूर्ण जबाबदारी स्वीकारली" असं होतं.

काम सुरू झालं चौदा महिन्यांनी. मधे आमचा पावसाळा, म्हणजे काय ते जांबोटी-कणकुंबीकडच्यांना सांगायला नको. पाइप शाळेमागच्या गायरानात. पाऊस सरला की ऊन, मग गवताला आग लागली त्यात बारा पाइप गेले. दोन-चार कुणीतरी गोठ्याला नेले. नेले म्हणजे मला ठाऊक हाय कुणी नेले, पण त्याच घरात आमची सोयरीक. फायनल बिलातून सगळ्याची वसुली. माझं काम चालू नव्हतं, साइट ताब्यात नव्हती, तरी जबाबदारी माझी. कारण काय, तर सही.

घटप्रभाकाठ

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, म्हणजे "दुसऱ्या बाजूचा" माणूस. शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाचा.

पूर्वी सिमेंट आणि लोखंड खात्यातूनच ठेकेदाराला दिलं जायचं. किती काम झालं त्यावरून किती सिमेंट लागायला हवं होतं ते काढायचं, दिलेल्याशी ताडायचं, आणि फरक पडला की वसुली. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या कंत्राट-अटींत तर उरलेला माल परत करण्याचं आणि जादा वापराच्या वसुलीचं स्वतंत्र कलमच आहे. हे कुणाचा छळ करायला केलेलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा खात्याचं सिमेंट खासगी बंगल्यांत सापडायचं. पोत्यावर शिक्का तसाच. त्यातून हे नियम आले.

सरकारी माल म्हणजे कुणाचाच नाही, ही भावना सगळीकडे असते, आमच्यातही आणि तुमच्यातही. ४५ दिवस गप्प बसलं तर माल ठेकेदाराचा असा नियम इथं आणलात, तर गप्प बसायचे दर ठरतील. एवढंच म्हणतो.

उद्यमबागकर

काका, मुद्दा मान्य. पण गप्प बसायचे दर आजही ठरलेले आहेत. आज ते "माल उचलायला माणूस पाठवायचे दर" म्हणून ओळखले जातात.

पूर्वी_बेळगाव_आता_पुणे

हा विषय इथं निघेल असं वाटलं नव्हतं. मी पुण्यात एका कंपनीत आहे, आमचे काही पार्ट अमेरिकन साखळीत जातात, त्यामुळे हे कलम रोज चावावं लागतं. उद्यमबागकर, ४५ दिवसांचं तुम्ही अर्धं ऐकलंय. नीट सांगतो.

तिथं खरेदीच्या नियमांचं मोठं बाड आहे, त्याला एफएआर म्हणतात. त्यातला ४५ वा भाग सरकारी मालमत्तेचा. (भाग ४५, दिवसही ४५. हा योगायोग.) कंत्राटात जे कलम घालतात त्यात दोन प्रकारचा माल धरतात: सरकारनं दिलेला, आणि ठेकेदारानं कामासाठी विकत घेतलेला पण ज्याची मालकी सरकारची आहे असा.

२००७ च्या जूनमध्ये हा भाग मुळापासून बदलला. त्याआधी रजिस्टर कसं ठेवायचं, काय कसं मोजायचं हे सरकार बारीकसारीक सांगायचं. बदलानंतर म्हणाले, आम्ही दहा गोष्टींचा निकाल बघणार: माल घेणं, पोच, नोंदी, प्रत्यक्ष मोजणी, पोटठेकेदारावर लक्ष, अहवाल, जबाबदारीतून सुटका, वापर, देखभाल आणि शेवटी हिशोब मिटवणं. हे कसं करायचं ते तुम्ही ठरवा, उद्योगात जी चांगली पद्धत रूढ असेल ती वापरा, पण लिहून ठेवा. आम्ही तुमची पद्धत तपासू. प्रत्येक पाना-स्क्रूमागं माणूस लावणार नाही.

जोखमीचंही तसंच. सगळ्या नाही, पण बऱ्याच कंत्राटांत माल हरवला, जळला तर नुकसान सरकार सोसतं. अपवाद: विम्यातून भरपाई मिळत असेल, वरच्या लोकांनी जाणूनबुजून गडबड केली असेल, किंवा तुमची पद्धत नापास झाली असेल आणि तुम्ही ती सुधारली नसेल. म्हणजे पद्धत चांगली ठेवली तर जोखीम हलकी. संरक्षण खात्यात २०१२ पासून उलट बाजूही आहे, पद्धतीत मोठा दोष सापडला तर बिलातून ५ टक्के रक्कम अडवून ठेवतात.

आता तुमचे ४५ दिवस. तीन गोष्टी वेगळ्या करा.

चिप्स, बोरिंग, एंड-पीस, म्हणजे उत्पादनातून निघालेलं भंगार: तुमची भंगाराची पद्धत मंजूर असेल तर विचारायचीसुद्धा गरज नाही. फक्त ते संवेदनशील असेल किंवा लष्करी म्हणून नष्ट करायचं असेल तर यादीत घालावं लागतं.

बाकीच्या भंगाराची यादी द्यायची. ती स्वीकारली की तिथून ४५ दिवस मोजायचे. काही कळवलं नाही तर विकायला मोकळीक, तीही मंजूर पद्धतीनंच. यादी टेबलावर पडून आहे तोवर घड्याळ सुरूच होत नाही.

आणि चांगल्या स्थितीतली फिक्स्चर, गेज यांना हा ४५ दिवसांचा नियमच नाही. ती यादी ठेकेदारानं द्यायची मुदत मात्र आहे: नको झाल्यापासून ३० दिवस, काम संपल्यापासून ६० दिवस, कंत्राट मधेच तोडलं तर १२० दिवस. मग सरकारचा त्यासाठी नेमलेला अधिकारी ठरवतो, कुठं हलवायचं, विकायचं की मोडायचं.

म्हणजे तुमचे तीन ड्रम कधीच सुटले असते. २६ फिक्स्चर सुटली असती की नाही, सांगता येत नाही. पण कुणाच्या टेबलावर अडकलीत ते तरी कळलं असतं.

उद्यमबागकर

म्हणजे मी इतके दिवस चहाच्या टपरीवर चुकीचं भाषण ठोकत होतो. चला, सुधारतो. पण "नेमलेला अधिकारी" हे दोन शब्द वाचून डोळे भरून आले. माझ्या सात पत्रांत मी दर वेळी "संबंधित अधिकारी" असंच लिहिलंय, कारण संबंधित कोण ते कुणालाच माहीत नाही.

निपाणीची_लेक

मी निपाणीत अकाउंट्सची कामं बघते, दोन-तीन जॉबवर्कवाले क्लायंट आहेत. उद्यमबागकर दादा, तुमची फिक्स्चर का अडकली याचं एक कारण करात दडलंय. ते कुणी बोलत नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणं जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, मशीनसारखा भांडवली माल तीन वर्षांत. नाही आला तर दिला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. त्यामुळं मटेरियलच्या मागं सगळे धावतात. जॉबवर्कला दिलेल्या मालाचा हिशोब द्यायचा फॉर्म, आयटीसी-०४, भरायचा असतो, पाठवणाऱ्याची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. मार्च आला की तिकडून फोन येतो, "चलन जुळवा, चलन जुळवा."

पण मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना त्याच कलमात सूट आहे. यांना परत यायची मुदतच नाही. सूट चांगल्या हेतूनं दिलीय, डाय वर्षानुवर्षं लागते, ती दर तीन वर्षांनी ने-आण कशाला करा. पण परिणाम बघा. ज्याला मुदत नाही त्याला फोन नाही. तुमची फिक्स्चर त्या ऑफिसच्या कुठल्याच रिटर्नमध्ये लाल होत नाहीत. तुमच्या शेडमध्येच तेवढी दिसतात.

चिप्सचं तर अजून विचित्र. त्याच कलमात म्हटलंय की जॉबवर्कमध्ये निघालेलं भंगार, जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर तो स्वतःच्या जागेवरून कर भरून विकू शकतो. कायद्याला चालतं. तुमच्या कंत्राटात मात्र "सर्व भंगार वजन करून परत करावे" असं असणार. आहे ना?

उद्यमबागकर

आहे ताई. कलम १९. आणि परत न्यायला गेलो तर गेटवर म्हणतात, भंगार-यार्डला जागा नाही, पुढच्या महिन्यात या.

कॅम्पातला

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर, त्यातली बरीच वर्षं क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये.

तुम्ही लोक सरकारी माल सांभाळायचं म्हणून रडता, आम्ही आयुष्यभर तेच केलं. घोंगडीपासून जनरेटरपर्यंत सगळं लेजरवर. वर्षाला स्टॉक-टेकिंग बोर्ड बसतो, बाहेरचा अधिकारी येऊन मोजतो. दुरुस्तीचा खर्च किमतीला परवडत नाही तो माल बीईआर, मग कंडेम करायला वेगळा बोर्ड. म्हणजे वस्तू यायला जसा रस्ता तसा जायलाही रस्ता. जायचा रस्ता बंद झाला तर एका वर्षात स्टोअरचा उकिरडा होतो.

एक अनुभव सांगतो. नवीन असताना माझ्या हातून चार जेरीकॅन कमी भरले. वरच्या सुभेदार साहेबांनी विचारलं, आज कळलं की आधी? म्हटलं, आजच मोजलं साहेब. म्हणाले, मग आजच लिही. लॉस स्टेटमेंट झालं, थोडे पैसे भरले, विषय संपला. माझ्या बरोबरच्या एकानं तसंच काहीतरी दोन वर्षं लपवलं. त्याची चौकशी किती लांबली ते सांगत नाही. त्यामुळं माझं मत असं की हरवलं ते लगेच सांगणाऱ्याला शिक्षा कमी, हे नियमात दिसलं पाहिजे. खानापूरकर, आग लागली त्या दिवशी तुम्ही लिहून दिलं होतं काय?

खानापूरकर

तोंडी सांगितलं हो. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणाले, बघू.

कॅम्पातला

"बघू" ची पोच मिळत नाही बाबा.

घटप्रभाकाठ

पुणेकरांचं वाचलं. छान लिहिलंय. पण तिकडंही सगळं आलबेल नाही, तेवढं नोंदवून ठेवतो. एफ-३५ या लढाऊ विमानाच्या सुट्या भागांवर अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं मे २०२३ मध्ये अहवाल दिला. मुख्य ठेकेदारानंच २०१८ पासून दहा लाखांवर सुटे भाग हरवल्याचं दाखवलं होतं, किंमत साडेआठ कोटी डॉलरच्या वर. आणि सरकारी कार्यालयानं त्यातल्या २ टक्क्यांहूनही कमी भागांची छाननी केली होती. दहा निकाल, मंजूर पद्धत, सगळं असून.

पूर्वी_बेळगाव_आता_पुणे

बरोबर काका, मी ते टाळलं नव्हतं, राहून गेलं. पण ते का झालं ते बघा. ते भाग सरकारचे, पडलेले ठेकेदारांच्या गोदामांत. त्यांना कंत्राटाच्या भाषेत "सरकारनं दिलेला माल" म्हणायचं की नाही यावरच दोघांचं एकमत नव्हतं. म्हणायचं ठरलं असतं तर हरवल्याची रीतसर नोंद, छाननी, सगळं ओघानं आलं असतं. त्यामुळं मोजणार कोण, हा प्रश्न लटकला. खानापूरकरांच्या पाइपांचं हेच झालंय. पाइप उतरले त्या दिवशी ते कुणाच्या खात्यावर होते? पंचायतीच्या, खात्याच्या की ठेकेदाराच्या?

बाकी त्या बाडाचीच आता छाटणी चालू आहे. १५ एप्रिल २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं सगळं एफएआर नव्यानं लिहायला घेतलं. संसदेच्या कायद्यानं बंधनकारक आहे किंवा अगदी आवश्यक आहे तेवढं ठेवा, उरलेलं काढा असा त्याचा रोख. पानं कमी होतील. गोदामातला माल कमी होईल की नाही, ते वेगळं.

टिळकवाडी_कट्टा

आपल्याकडे केंद्राचे वित्तीय नियम आहेत की, २०१७ चे. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी सांगितलीय. नको असलेला माल विकायचे प्रकारही दिलेत, दोन लाखांवरच्याला जाहीर निविदा किंवा लिलाव. नियम नाहीत असं नाही.

उद्यमबागकर

आहेत. मोजणी त्यांच्या स्टोअरची होते, माझ्या शेडची होत नाही. नऊ वर्षांत एक माणूस मोजायला आला नाही. मी दरवर्षी "शिल्लक बरोबर आहे" असा कागद सही करून पाठवतो आणि तेच मोजणी म्हणून धरतात. उद्या मी चार फिक्स्चर विकून खाल्ली तरी कागदावर २६ च राहतील. तुमचा चोर मीच असेन, आणि साक्षीदारही मीच.

म्हणून म्हणतो काका, बँक गॅरंटीनं माल सुरक्षित होत नाही. गॅरंटीमुळं फक्त त्यांना झोप लागते.

सीमावासी

मूळ प्रश्न भाषेचा आहे. मराठी माणसाला कन्नड कागदावर सही करायला लावतात. १५ टक्क्यांवर अल्पसंख्याक असलेल्या भागात त्यांच्या भाषेत कागद द्यायचं धोरण कधीचं आहे. आधी तो विषय घ्या.

निपाणीची_लेक

घेऊ की, पण वेगळ्या धाग्यावर. माझ्या कन्नड क्लायंटनंही असाच न वाचता कागद सही केलाय, आणि तो कागद इंग्रजीत होता.

खानापूरकर दादांसाठी मात्र एक. आमच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्याबद्दल कलमं आहेत, १५१ आणि १५२. साधा शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची, आणि ती घेतली असेल तर नुकसानीला तो जबाबदार नाही. पण १५२ मध्ये "वेगळा करार नसेल तर" असे शब्द आहेत. तुमच्या त्या कागदातलं "पूर्ण जबाबदारी" हाच तो वेगळा करार. कायद्यानं दिलेलं छप्पर त्या एका ओळीनं काढून घेतलं.

त्यामुळं मला विचाराल तर सुधारणा म्हणून एवढंच मागावं: मालाची जोखीम ठेकेदाराकडं कधी जाते तो दिवस लिहा. गाडी उतरली तो नाही, साइट आणि वर्क ऑर्डर दोन्ही हातात आली तो. त्याआधी माल ज्यानं मागवला त्याचा.

घटप्रभाकाठ

हे मला पटलं. आणि खरं सांगायचं तर पाइप आधी का येतात तेही सांगतो. मार्च. पैसे परत जाऊ नयेत म्हणून ३१ मार्चच्या आत माल "खरेदी आणि पोच" दाखवावा लागतो. काम तयार नसलं तरी. ती पोच दाखवायला कुणाची तरी सही लागते. मीही अशा सह्या घेतल्या आहेत. त्या वेळी त्यात काही गैर वाटलं नाही, सगळेच घ्यायचे. आता या मुलाचं वाचून वाटतंय.

खानापूरकर

काका, तुमच्यावर राग नाही. त्या मार्चमधलाच माझा कागद हाय. २८ तारीख.

टिळकवाडी_कट्टा

बेळगावच्या चोवीस तास पाण्याचं उदाहरण यात बसेल का? २००८ ला ५८ पैकी १० वॉर्डांत सुरू झालं, चालवायला फ्रेंच कंपनी, नळ-पाइप-मीटर सगळं सरकारी मालकीचं.

घटप्रभाकाठ

बसेल आणि नाहीही. तिथं पाणी रोज नळाला येतं की नाही हे लोक बघतात, त्यामुळं मालमत्ता जिवंत राहते. वापरातला व्हॉल्व बिघडला की बोंब होते. उद्यमबागकरांच्या गेजसाठी कोण बोंब मारणार? पण अशा कामात चालवणारा बदलतो तेव्हा खरी परीक्षा. जमिनीखाली काय, कुठं आणि कुठल्या अवस्थेत आहे, ही यादी घेताना आणि देताना दोन्ही वेळा दोघांनी मिळून केली नसेल, तर पुढची दहा वर्षं "हे आधीपासूनच गळत होतं" एवढंच ऐकायचं.

हिंडलग्याहून

माझा वेगळा अनुभव. आम्ही भाड्याच्या शेडमध्ये होतो. मालकानं शेड विकली. आमच्याकडं अशाच सरकारी कारखान्याच्या दोन डाय. नव्या जागेत न्यायला लेखी परवानगी पाहिजे, ती येईना. शेवटी तीन महिने त्या डायसाठी जुन्या शेडच्या कोपऱ्याचं भाडं भरलं. नव्या मालकानं त्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या.

उद्यमबागकर

शेंगा! निदान काहीतरी उपयोग झाला.

बरं, सगळ्यांचं वाचून मी मागणीचा कागद नव्यानं लिहितोय. आपल्या इथल्या उद्योजकांच्या बैठकीत ठेवीन. त्यात ४५ दिवस ठेवतोय, पण पुणेकरांनी सांगितलं तसं, फक्त भंगाराला. आणि घड्याळ यादी स्वीकारल्यापासून नको, यादी मिळाल्यापासून पाहिजे. स्वीकारायलाच नऊ वर्षं लागत असतील तर त्या ४५ दिवसांचं लोणचं घालायचं काय? काका, तुमची भीती खरी म्हणून वजनकाट्याची पावती, फोटो आणि विक्रीचे पैसे त्यांच्याच खात्यात, असं लिहितो. मला चिप्सचे पैसे नकोत हो. मला जागा पाहिजे.

४५ दिवस आपल्याकडं नवीन नाहीतच. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. ते कितपत पाळतात ते आपल्याला माहीत आहे, पण निदान आकडा छापलेला आहे, त्यावर भांडता येतं. पैशाला मुदत लावली, मग मालाला का नाही?

फिक्स्चर आणि गेजना: ऑर्डर संपल्यावर ६० दिवसांत मी यादी देणार, त्यांनी पुढच्या ठरावीक दिवसांत नेणार की ठेवणार ते सांगायचं. ठेवा म्हणाले तर त्या दिवसापासून भाडं, कॅलिब्रेशन आणि गॅरंटीचं कमिशन त्यांचं. मला वाटतं भाडं सुरू झालं की त्यांना माझा पत्ता आठवेल.

घटप्रभाकाठ

यादीत एक घाला. दरवर्षी पाच-दहा शेड चिठ्ठी टाकून निवडायच्या आणि प्रत्यक्ष जाऊन मोजायचं. सगळ्यांकडं जायला माणसं नाहीत हे मी जाणतो. पण कुणाकडंही येऊ शकतात एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि जो माणूस येईल त्यालाच जागेवर "हे भंगार, हे न्या" असं लिहायचा अधिकार पाहिजे. नाहीतर तो नुसता मोजून जाईल.

कॅम्पातला

हाच बोर्ड. नाव काहीही द्या.

निपाणीची_लेक

दादा, तुमच्या कागदाची भाषा मी बघते. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत करू, म्हणजे सीमावासींचाही मान राहील. आणि खानापूरकर दादा, त्या २८ मार्चच्या कागदाची आणि वर्क ऑर्डरची झेरॉक्स पाठवा. दोन तारखांत चौदा महिन्यांचं अंतर दिसतंय म्हटल्यावर वसुलीवर हरकत घ्यायला जागा आहे असं वकील म्हणतात. जिंकाल असं म्हणत नाही.

खानापूरकर

उद्या पाठवतो ताई. झेरॉक्सवाला बाजारादिवशीच येतो आमच्याकडं, पण जांबोटीला जाऊन करून आणतो.

उद्यमबागकर

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतो. आठवं पत्र टाकलं, सोबत फोटो आणि काट्याची पावती. या वेळी चक्क फोन आला. मुलगा नवीन होता, बोलला नीट. म्हणाला, यादी आमच्या फॉरमॅटमध्ये नाही, एक्सेलमध्ये पाठवा, आणि एक कॉलम वाढवा, "सध्या माल ठेवलेली जागा". भरला. २६ ओळींत तेच लिहिलं: शेडचा पूर्वेकडचा कोपरा, दुसऱ्या व्हीएमसीसाठी फाउंडेशन घातलंय त्यावर.